हत्तीण उठेपर्यंत

तेजस्विनीने दार उघडलं, आत बसली, डोक्यावरची ओढणी मागे सारली, प्रसादाचा नारळ बाजूच्या सीटवर ठेवला आणि रोजच्या सवयीने डोळे मिटून म्हणाली, "चल वं बाई, ऊठ आता. घरी आई वाट पाहून राहिली."

"उठलो ना," मागून आवाज आला.

तेजस्विनी अशी किंचाळली, की जामसांवलीच्या देवळासमोर हार विकणाऱ्या बायांचे हात जागच्या जागी थांबले. शनिवारची गर्दी, कोणाला काय झालं म्हणून माणसं वळून बघायला लागली. मागच्या सीटवरून एक डोकं हळूहळू वर आलं. केस विस्कटलेले, गालावर सीटच्या शिवणीची लांब खूण, आणि डोळे… डोळे झोपेने जड, पण घाबरलेले मुळीच नाहीत. उलट त्याला गंमतच वाटत होती, मेल्याला!

"कोण आहे तुम्ही? माह्या गाडीत झोपून राहिले, लाज नाही वाटत?"

"मॅडम," तो जांभई आवरत म्हणाला, "ही तुमची गाडी, तर निंबाखाली उभी आहे ती कोणाची?"

तिने काचेतून पाहिलं. निंबाखाली तिची हत्तीण उभी होती. तोच दुधाच्या सायीसारखा रंग, तेच लांबलचक नाक, नाकावर तेच शेंदराचं स्वस्तिक. मग तिने हातातल्या स्टीअरिंगकडे पाहिलं. त्याचं कव्हर काळं होतं, तिचं तपकिरी. समोर काचेखाली एक पांढरी टोपी ठेवलेली होती, जुन्या ड्रायव्हर लोकांची असते तशी. ती काही तिच्या घरची नव्हती.

"अगं बाई…" एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि नारळ तिथेच विसरून ती पळाली.

आता हत्तीण म्हणजे काय, ते सांगायलाच हवं. तेजस्विनीच्या वडिलांचं, वसंतभाऊंचं, सौंसरच्या बाजारात साड्यांचं दुकान. ती शाळेत शिकवायला लागली, त्याच्या फार आधीची गोष्ट. वसंतभाऊ नागपूरला गेले होते दुकानासाठी काचेचं कपाट बघायला, आणि घेऊन आले कोण्या बिल्डरने वापरून सोडलेली, विदेशी बनावटीची, ही एवढी मोठी गाडी! आई, म्हणजे उर्मिलाबाई, दारातच कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या.

"गल्ली केवढी, गाडी केवढी! वळवाल कुठं?"

"नाही वळली तर उलटी नेऊ," वसंतभाऊ म्हणाले.

आणि खरंच, तेव्हापासून ती गाडी गल्लीत सरळ येई आणि उलटी बाहेर जाई. तिला चाकांवर स्प्रिंगा नव्हत्या, हवेच्या पिशव्या होत्या. थोडा वेळ उभी राहिली, की हवा उतरून गाडी चक्क खाली बसायची. चालू केली, की आतला पंप घुर्रर्र करून हवा भरायचा, आणि गाडी आधी मागून, मग पुढून, डुलत डुलत उठायची. ती उठेपर्यंत हलवायची नाही, हा नियम. म्हणून हत्तीण. जुन्या श्रीमंताची लेक असावी तसे तिचे नखरे. छतातली काच पावसात गळायची म्हणून कायमची चिकटवून टाकलेली, समोरच्या पडद्यावर रोज नवा पिवळा दिवा, घरात बारमाही दिवाळी. पण मागची सीट गरम व्हायची, आणि उर्मिलाबाईंची कंबरदुखी त्या सीटशिवाय कशानेच उतरायची नाही. गाडीला शिव्या देत देत त्या भर दुपारी तिच्यात बसून हरभऱ्याचे घाटे सोलत, आणि कोणी पाहिलं की म्हणत, "इथं उजेड चांगला येते, म्हणून बसली."

वसंतभाऊंचा एक हट्ट होता. गल्लीतली पोरगी भाड्याच्या गाडीत सासरी जाणार नाही. हत्तीण नेऊन देईल. आणि गाडी गल्लीतून उलटी निघायची ना, म्हणून नवरीचं तोंड माहेराकडे राहायचं. घर, दारातली आई, ओट्यावरचे लोक, सारं तिला कोपऱ्यापर्यंत दिसत राहायचं. पाठ फिरवून जायचं नाही. गल्लीतल्या पोरींना याचं इतकं वेड, की सोयरीक जमली की आधी हत्तीण ठरायची, मग मंगल कार्यालय.

वसंतभाऊंच्या डोळ्यांना मोतीबिंदूने गाठल्यापासून गाडी तेजस्विनी चालवत होती. किती मैत्रिणींना तिने सासरी पोहोचवलं होतं! येताना गाडी रिकामी असायची, मागच्या सीटवर मोगरा सांडलेला असायचा, आणि ती काच खाली करून एकटीच गुणगुणत यायची. बाया विचारायच्या, "तुह्या विदाईले कोण चालवन वं?" ती हसून टाळायची. पण मनात एक होतं. मीही याच गाडीतून जाईन. एवढं एकच तिने देवाकडे मागितलं होतं.

आणि तेच आता कठीण दिसत होतं. पंप मरायला टेकला होता. नागपूरच्या मेकॅनिकने हात वर केले होते. आईने तर शेवटचंच सांगून टाकलं होतं, "समोरच्या घरच्या प्रणालीची विदाई होऊ दे. मग ते धूड भंगारवाल्याले. मले अंगण पायजे, हत्ती नाही पायजे."

म्हणून तर तेजस्विनी दर शनिवारी जामसांवलीला यायची. हनुमानजीला लोक काय काय मागतात, ती पंपाचं आयुष्य मागायची.

---

ती निंबाखाली येऊन गाडीत बसली, किल्ली फिरवली. पंप दोनदा खोकला, मग लागला. गाडी उठेपर्यंत हलता येत नव्हतं, आणि तो तर नारळ घेऊन चालत येत होता! तेजस्विनीला वाटलं, धरणीमाते, पोटात घे… पण आधी गाडी तर उठू दे.

"प्रसाद विसरल्या." त्याने खिडकीतून नारळ दिला. "तुमचीही बसते?"

"बसते."

"माहीही. नाव काय?"

"तेजस्विनी."

"मी गाडीचं विचारलं."

तिचे कान लाल झाले. "हत्तीण."

"माहा राजा," त्याने पलीकडे उभ्या गाडीकडे बोट दाखवलं. "अन् मी हेमराज. पांढुर्ण्याचा. आपलं मंडप-बिछायतीचं काम आहे. राजात मी नवरदेव नेतो."

"मी नवऱ्या पोचवते."

"पाहा बरं!" तो म्हणाला, आणि असा काही हसला, की तेजस्विनीने उगीचच आरसा नीट केला.

मग दोघेही एकदम बोलले. "विकता का?"

पंप घुरघुरत होता.

"तुमच्याजवळ आहे ना एक? दुसरी कशाले पायजे?" तिने विचारलं.

"पार्टसाठी. पंप चालला आमचा. मेकॅनिक म्हणते, नवा येत नाही आता. अशीच दुसरी गाडी पाहा अन् तिचा काढा."

"म्हणजे माह्या हत्तीणीले कापाल?"

"अन् तुम्ही माह्या राजाची काय आरती करणार होत्या?"

तिला हसू आलं. आवरायचं म्हणून तिने ओठ दाबले, तर ते गालांतून बाहेर पडलं. हत्तीण तोवर मागून उठली होती, पुढून उठत होती. आयुष्यात पहिल्यांदा तेजस्विनीला वाटलं, की आज जरा लवकरच उठून राहिली ही.

---

पुढच्या शनिवारी राजा निंबाखाली आधीच उभा होता. त्याच्या पुढच्याही. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लावायच्या, दर्शन घ्यायचं, मग आपापली गाडी चालू करून ती उठेपर्यंत बोलायचं, असं आपोआप ठरून गेलं. कोणी कोणाला ये म्हणालं नव्हतं. फक्त दर्शन लवकर आटपायला लागलं, आणि गाड्या उठायला फार वेळ घ्यायला लागल्या. खरं सांगायचं तर दोघेही किल्ली उशिराच फिरवत होते.

"पांढुर्ण्याच्या पोरावर भरोसा कसा करायचा?" ती एकदा म्हणाली. "तुमच्या गावची तर गोष्टच आहे. पोरगा सावरगावची पोरगी घेऊन निघाला, अन् नदीत दोन्ही गावच्या लोकांनी त्याईले गोटे मारले."

"त्याच्याजवळ गाडी नव्हती ना," हेमराज म्हणाला. "पायी निघाला बिचारा."

"गाडी असती तर?"

"तर काय… ती उठेपर्यंत गोटे खाल्ले असते."

ती इतकी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मात्र हसला नाही. तिच्याकडे बघत राहिला, मग मान खाली घालून टायरला उगीच पाय लावून पाहिला.

एकदा तो सरळ घरीच आला. हातात मागच्या दिव्याचा बल्ब. "माह्याजवळ फालतू पडला होता," म्हणाला. फालतू कसला! राजाचा एक डोळा काढून आणला होता त्याने, तेजस्विनीला ते पुढच्या शनिवारी कळलं. उर्मिलाबाईंनी त्याला चहा दिला आणि चहा गाळता गाळता घर, गाव, जमीन, आई, बहिणी सगळं विचारून घेतलं. वसंतभाऊ त्याला घेऊन हत्तीणीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. दोन पुरुष उभ्या गाडीत बसून तासभर गप्पा मारत होते, आणि कंबर शेकत होते.

"माणूस बरा आहे," तो गेल्यावर वसंतभाऊ म्हणाले.

"गाडीवेडा आहे," उर्मिलाबाई म्हणाल्या.

"तेच म्हणून राहिलो मी."

तेजस्विनीने मग एका शनिवारी धीर करून त्या टोपीचं विचारलं. माघ सरत आला होता. लोधीखेड्याच्या बाजूने वारा सुटला की संत्र्याच्या फुलांचा वास थेट देवळापर्यंत यायचा, गोड, जरासा झिंग आणणारा.

हेमराजने टोपी उचलून मांडीवर ठेवली.

"बाबाची आहे," तो मग म्हणाला. "भिवाजी ड्रायव्हर म्हणत त्याईले. नागपूरच्या एका डॉक्टरकडं गाडी चालवली आयुष्यभर. हीच. हाच राजा. सदा समोर बसले, मागं कधीच नाही. डॉक्टरनं विकायले काढली, तर मी घेतली. म्हटलं, बाबा, आता मी चालवतो, तुम्ही मागं बसा. पह्यल्या दिवशी आखडून बसले, जसं कोणी उठवीन त्याईले… मग सवय झाली. रोज सांजेले एक चक्कर. मागं बसून मले सांगायचे, हळू घे, हळू घे." तो हसला. "मागच्या दिवाळीले गेले. म्हणून मी तिथं झोपतो कधीकधी. तुमच्या 'ऊठ बाई'नं उठलो त्या दिवशी, तर वाटलं…"

"काय वाटलं?"

"काही नाही. चांगलं वाटलं."

तेजस्विनीने हात पुढे केला आणि त्याच्या गाडीच्या खिडकीवर ठेवला. त्याच्या हातावर नाही, खिडकीवर. पण त्याचा हात तिथून चार बोटांवर होता, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

त्या दिवशी घरी जाताना तिने स्वतःला बजावलं. राजा विकायचा विषय पुन्हा काढायचा नाही. पंप मेला तर मेला.

---

प्रणालीचं लग्न फाल्गुनात निघालं. नवरदेव कुलदीप पांढुर्ण्याचा, म्हणून त्याला घेऊन राजाच आला. गल्लीत दोन गाड्यांना जागा कुठली? राजा कोपऱ्यावरच्या पटांगणात झेंडूच्या माळा घालून उभा राहिला, आणि हेमराज सायीच्या रंगाचा कुर्ता घालून मांडवात फिरत राहिला. तेजस्विनीने हिरवी पैठणी नेसली होती. अक्षता टाकताना दोघांची नजर भेटली. त्याच्या अक्षता नवरीवर पडल्याच नाहीत, कोण्या मामाजीच्या टकलावर पडल्या.

दुपार उतरली आणि विदाईची वेळ झाली. प्रणाली आईच्या गळ्यात पडून रडली, शेजारणींच्या गळ्यात पडून रडली, आणि डोळे पुसत हत्तीणीत जाऊन बसली. तेजस्विनीने किल्ली फिरवली.

पंप एकदा घुर्र झाला. मग अर्ध्यातच थांबला.

तिने पुन्हा फिरवली. काही नाही. हत्तीण बसलेलीच. मागचं चाक पार आत गेलेलं, तिला तसं हलवणं म्हणजे गाडी खरडून फोडणं. वाजंत्री थांबली. गल्लीत कुजबूज सुरू झाली.

"मी कवाची सांगून राहिली होती…" उर्मिलाबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज फुटला. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"नवरदेवाच्या गाडीत बसवा पोरीले," कोणीतरी म्हणालं.

"विदाईले बसलेली नवरी माहेरच्या दारात खाली उतरत नसते!" दुसरी बाई ओरडली. आतून प्रणालीही म्हणाली, "ताई, मी नाही उतरत. मले घराकडं पाठ करून नाही जायचं." आणि तिने सीट घट्ट धरली.

तेजस्विनी बाहेर आली. बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. प्रणालीची विदाई मोडली होती, हे तर होतंच. पण तिला आतल्या आत दुसरंच कळलं होतं, की आता आपली पाळी येणार नाही. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

गर्दीतून वाट काढत हेमराज आला. "काय झालं?"

"संपलं," ती म्हणाली.

त्याने हत्तीणीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. मग वळून कोपऱ्याकडे पाहिलं, जिथे राजा झेंडूच्या माळा घालून उभा होता. तेजस्विनीने त्याची बाही धरली.

"नको. हेमराज, नको… ती बाबांची गाडी आहे."

"बाबा सीटवर बसत होते," तो बाह्या सारत म्हणाला. "पंपावर नाही."

आणि तो गेला. राजाच्या डिकीतली सतरंजी उचलून, कुर्त्यासकट आत वाकला. गल्लीने तोवर पुन्हा चहा मांडला. प्रणालीला गाडीतच चहा दिला, तिने तो रडणं थांबवून प्यायला. पटांगणात नवरदेव ओरडला, "अरे, माही गाडी बसून राहिली!" राजा खरंच खाली चालला होता, हळूहळू, कसलीही तक्रार न करता. कोणीतरी कुलदीपला म्हणालं, "तू आता हत्तीणीत बस रे बाबा, बायको तिथंच आहे," आणि सगळी गल्ली हसली.

हेमराज पंप घेऊन आला. सायीच्या रंगाच्या कुर्त्यावर काळे डाग, कपाळावर ग्रीसची रेघ. हत्तीणीच्या डिकीत शिरला, बराच वेळ त्याचे नुसते पायच दिसत होते. मग आतून आवाज आला, "मॅडम, फिरवा!"

घुर्रर्र… आधी मागून. मग पुढून. डुलत डुलत हत्तीण उठली. गल्लीने टाळ्या वाजवल्या, वाजंत्री सुरू झाली, प्रणाली हसली आणि राहिलेलं रडणं पुन्हा काढलं. तेजस्विनीने मान मागे वळवली, गाडी उलटी घेतली. मागे हेमराज चालत होता आणि हाताने खूण करत होता, येऊ द्या, येऊ द्या. इतक्या विदायांमध्ये तिला मागचा रस्ताच दिसला होता. आज त्या रस्त्यावर एक माणूस होता.

कोपऱ्यावर कुलदीप मागे नवरीजवळ बसला, आणि हेमराज समोरच्या सीटवर येऊन बसला. "पंपाचा भरोसा नाही," म्हणाला. "सोबत असलेलं बरं."

---

पांढुर्ण्यात नवरीने माप ओलांडलं तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. तेजस्विनी गाडीत येऊन बसली. दरवेळेसारखा मोगरा सांडला होता. पण बाजूची सीट रिकामी नव्हती.

"उतरा," ती म्हणाली. "तुमचं गाव आलं."

"माहा राजा तुमच्या दारात बसून आहे. त्याले तिथं सोडून मी घरी कसा जाऊ?"

"तो तर उठत नाही आता."

"म्हणून तर."

तिने किल्ली फिरवली. गाडी निघाली. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे सुरू झाले. उशिराच्या बहराची फुलं झाडांवर अजून होती, आणि सांजेच्या थंडाव्यात वास असा दाटून आला होता की काच खाली केल्यावर बोलावंसंच वाटेना. ढवळ्या फुलांवरून शेवटचा उजेड सरकत होता. तेजस्विनीने एका बगीच्याच्या धुऱ्याशी, बांधाला लागून, गाडी थांबवली आणि बंद केली.

"पंप उद्याच काढा," ती म्हणाली. "राजाले परत लावा. माह्या आईले सांगीन मी, हत्तीण देऊन टाका. तिनं गल्लीच्या साऱ्या पोरी नेल्या. झालं तिचं."

"साऱ्या नाही. एक राहिली."

तिने समोरच पाहिलं. "ती जाईन कशात तरी."

"मी एक विचारू?" हेमराजचा आवाज एकदम हळू झाला. "गाडी उलटी निघते. नवरी समोर घराकडं पाहते… अन् चालवणारा मागं पाहते. म्हणजे तुम्ही इतक्या विदाया केल्या, पण जे नवरीले दिसते, ते तुम्ही कधी पाहिलंच नाही ना?"

तेजस्विनीने मान हलवली. हे तिला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. ती स्वतःही मोठ्याने कधी बोलली नव्हती.

"मग…" तो अडखळला. कपाळावरचं ग्रीस पुसायला गेला आणि आणखीच पसरलं. "तुह्या विदाईले… मागं मी पाहीन. तू समोर पाहजो."

तुमच्या नाही, तुह्या! तेजस्विनीने तो शब्द ऐकला, आणि मग सगळं वाक्य ऐकलं. तिला वाटलं, हसावं की रडावं. तिने दोन्ही केलं.

"पण पंप एकच आहे," ती डोळे पुसत म्हणाली.

"एकच आहे."

"अन् गाड्या दोन."

"दोन."

"आलटूनपालटून लावावा लागन. आज इकडं, उद्या तिकडं. सौंसर ते पांढुर्णा दरवेळी कोण नेऊन आणन?" तिने आता त्याच्याकडे पाहिलं, सरळ. "दोन्ही गाड्या एकाच अंगणात असल्या, तर जमन."

हेमराजला कळायला जरा वेळ लागला. मग त्याने हात पुढे केला, आणि तिने त्या शनिवारी ठेवला तसा खिडकीवर नाही, तिच्या हातावर ठेवला.

गाडी तोवर खाली बसली होती. तिने किल्ली फिरवली नाही. कोणालाच घाई नव्हती.

---

लग्न वैशाखात झालं. साखरपुड्यापासून पंप सौंसर-पांढुर्णा येरझारा घालत होता, आणि त्याच्यासोबत हेमराजही. आदल्या दिवशी त्याने तो राजातून काढून हत्तीणीत बसवला. राजाला त्या दिवशी सुटी होती, तो पांढुर्ण्याच्या अंगणात, टोपी समोर ठेवून, आरामात बसला होता.

विदाईला हेमराज मुंडावळ्या मागे सारून स्टीअरिंगवर बसला. "नवरदेव स्वतः चालवून राहिला!" म्हणून बायांनी तोंडाला पदर लावले. तेजस्विनी बाजूला बसली, शालूत, हातभर चुड्यात. वसंतभाऊंनी दार लावलं आणि थोडा वेळ दारावरचा हात काढलाच नाही. मग उर्मिलाबाई खिडकीशी आल्या. त्यांनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

हेमराजने किल्ली फिरवली. घुर्रर्र…

इतकी वर्षं या आवाजावर उर्मिलाबाई चिडायच्या. "उठत नाही का लवकर, बाजार बंद होईन," म्हणायच्या. आज त्यांनी लेकीला सोडलं आणि हत्तीणीच्या बॉनेटवर हात ठेवला.

"हळू ऊठ वं बाई," त्या म्हणाल्या. "आज घाई नको करू."

आणि हत्तीणीने ऐकलं म्हणा, की पंपच जुना म्हणा, ती खूप वेळ लावून उठली. आधी मागून. मग पुढून. हेमराजने मान मागे वळवली, गाडी उलटी निघाली. आणि तेजस्विनीला पहिल्यांदा ते दिसलं. दारातली आई. हात वर करून, जाऊ द्या, जाऊ द्या, अशी खूण करता करता मधेच थांबलेले बाबा. घराचा निळा दरवाजा, ओटा, तुळस, आणि हत्तीण इतकी वर्षं उभी राहायची ती रिकामी जागा. सगळं लहान होत होतं, पण समोर होतं.

"दिसून राहिलं ना?" मागे पाहता पाहताच हेमराजने विचारलं.

"दिसून राहिलं," ती म्हणाली. गल्ली संपेपर्यंत तिने नजर हलवली नाही.